आळिंबी: ताटातली आणि डबीतली

 

मागच्या महिन्यात दोन निरोप आले. दोन्ही आळिंबीबद्दलचे, म्हणजे मशरूमबद्दलचे.

पहिला निरोप एका बचत गटाचा. या बाया दोन वर्षं धिंगरी आळिंबी पिकवतात. ओली आळिंबी बाजारात जाते, उरलेली वाळवून पूड करतात. आता पाकिटासाठी नवं लेबल छापायचं आहे. छापणाऱ्या भाऊंनी सुचवलं, "वर मोठ्या अक्षरात टाका, अँटिऑक्सिडंटने भरपूर, मधुमेह आणि कॅन्सरवर गुणकारी. दुप्पट भावाने जाईल." गटाच्या अध्यक्ष ताई विचारतात, टाकू का?

दुसरा निरोप एका सुनेचा. सासूबाईंना नऊ वर्षांपासून साखरेचा आजार. गावात कुणीतरी औषधी आळिंबीच्या डब्या घेऊन आलं. सासूबाईंनी महिन्याच्या पैशातून दोन डब्या घेतल्या आणि दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या. सून म्हणते, "ताई, त्यात ते अँटी-काहीतरी असतं म्हणे. ते गोळीपेक्षा भारी असतं का?"

सुनेला मी त्याच दिवशी उत्तर पाठवलं, कारण ते थांबण्यासारखं नव्हतं: गोळ्या आजच चालू करा आणि डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. पण या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच शब्द आहे, अँटिऑक्सिडंट. तो शब्द आज नीट समजून घेऊ. एकदा समजला की डबी विकायला येणाऱ्याला काय विचारायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

ठिणग्या कुठून येतात

वांगं चिरून तसंच ठेवलं तर काळं पडतं. म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. विळा पावसात राहिला तर गंजतो. शेंगदाण्याचं तेल उघडं राहिलं तर खवट होतं. या तिन्ही गोष्टींत हवेतला प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन, त्या वस्तूवर काम करत असतो.

आपल्या शरीरातही प्राणवायू रात्रंदिवस काम करतो. खाल्लेल्या अन्नापासून ताकद मिळवायला तो लागतोच. पण चूल पेटली की थोड्या ठिणग्या उडतात, तशा पेशींच्या आतही ठिणग्या उडतात. शास्त्रज्ञ त्यांना मुक्त कण किंवा फ्री रॅडिकल म्हणतात. तंबाखू, विडी, चुलीचा धूर यांनी या ठिणग्या वाढतात. फार झाल्या की पेशींच्या भिंतींना आणि आतल्या भागांना चटके बसतात.

या ठिणग्या विझवणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. यातले बरेच आपलं शरीर स्वतःच बनवतं. काही अन्नातून येतात. आवळ्यातलं क जीवनसत्त्व, शेंगदाण्यातलं ई जीवनसत्त्व ही त्यांचीच नावं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळ्या ठिणग्या वाईट नसतात. अंगात जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी याच ठिणग्यांनी त्याला मारतात. म्हणजे ठिणगी आटोक्यात असायला हवी, चूल पूर्ण विझवून चालत नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आळिंबीत खरंच काय आहे

आळिंबी ही भाजी नाही आणि मांसही नाही. ती बुरशीच्या कुळातली. जमिनीत किंवा काडात तिचे पांढरे धागे पसरलेले असतात आणि आपण खातो ती छत्री म्हणजे त्या धाग्यांना आलेलं फळ, असं समजा.

या कुळाकडे एक खास पदार्थ आहे. त्याचं नाव अर्गोथायोनिन. नाव पाठ करू नका, गोष्ट ऐका. बाजरीच्या कणसावर येणारा अरगट रोग तुम्हाला माहीत आहे. त्याच्याच भाऊबंदकीतली एक बुरशी युरोपात राय नावाच्या धान्यावर येते. फ्रान्समधल्या शार्ल तान्रे नावाच्या औषधतज्ज्ञाने १९०९ साली त्या बुरशीत हा पदार्थ शोधला. नाव त्यावरूनच पडलं. ती बुरशी स्वतः विषारी आहे, पण हा पदार्थ विषारी नाही.

माणसाचं शरीर हा पदार्थ बनवू शकत नाही. झाडंही तो बनवत नाहीत, मातीतून थोडा उचलतात एवढंच. तो बनवतात मुख्यतः बुरश्या आणि काही जिवाणू. त्यामुळे आपल्या ताटात तो सर्वांत जास्त येतो आळिंबीतून. त्यातही पांढऱ्या बटणापेक्षा धिंगरीत आणि शिताके नावाच्या जपानी आळिंबीत तो सहसा जास्त सापडतो.

आणखी नवलाची गोष्ट अशी की आपल्या पेशींवर या पदार्थासाठी जणू एक वेगळं दार आहे. ते दार २००५ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी ओळखलं. शरीर हा पदार्थ आतड्यातून ओढून घेतं आणि बरेच दिवस जपून ठेवतं. ज्याच्यासाठी शरीराने वेगळं दार ठेवलं, त्याचा काही उपयोग असणार, असं शास्त्रज्ञांना वाटतं. त्यावर काम चालू आहे. पण तो खाल्ल्याने अमुक एक आजार बरा होतो, असं माणसांवर सिद्ध झालेलं नाही.

याशिवाय आळिंबीत ग्लुटाथायोन नावाचं दुसरं एक अँटिऑक्सिडंट असतं, थोडं सेलेनियम असतं आणि चहात किंवा जांभळात असतात तशा तुरट पदार्थांचाही अंश असतो.

म्हणजे "आळिंबीत अँटिऑक्सिडंट असतात" हे वाक्य खरं आहे. खोट सुरू होते ती त्याच्या पुढच्या वाक्यात.

जांभळा रंग आणि पिवळा रंग

डबीवर लिहिलेलं असतं, "प्रयोगशाळेत सिद्ध". ते खोटंच असतं असं नाही. पण तिथे सिद्ध काय होतं ते बघू.

प्रयोगशाळेत एका काचेच्या नळीत गडद जांभळं पाणी घेतात. त्या रंगात मुक्त कण असतात. त्यात आळिंबीचा अर्क टाकतात. अर्कात अँटिऑक्सिडंट असले तर जांभळा रंग उतरत जातो आणि पिवळा होतो. जितका रंग उतरला तितकी ताकद जास्त. ही चाचणी चांगली आहे, सोपी आहे आणि जगभर करतात.

पण त्या नळीत पोट नाही, आतडं नाही, रक्त नाही, आजारही नाही. आणि हा रंग आळिंबीनेच उतरतो असंही नाही. चहाने उतरतो, हळदीने उतरतो, आवळ्याने तर फारच उतरतो. आवळा खाऊन साखरेच्या गोळ्या बंद करा असं आपण कुणाला सांगतो का?

अमेरिकेच्या कृषी खात्याने पूर्वी वेगवेगळ्या पदार्थांची अशी ताकद मोजून त्याचा तक्ता प्रसिद्ध केला होता. कंपन्या तो तक्ता दाखवून माल विकू लागल्या. नळीतली ताकद म्हणजे शरीरातली ताकद नव्हे, आणि आकड्यांचा गैरवापर होतो आहे, हे पाहून खात्याने २०१२ साली तो तक्ता मागे घेतला.

फिनलंडमधली गोष्ट याहून गंभीर आहे. तिथे २९ हजारांहून जास्त विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. गाजरात असतं ते बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट त्यातल्या काहींना गोळीतून रोज दिलं. फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाऊन कुणाचं नुकसान झालं नव्हतं. नुकसान झालं ते एकच पदार्थ वेगळा काढून, मोठ्या मात्रेत, रोज घेतल्याने. मघाशी म्हटलं ना, चूल पूर्ण विझवून चालत नाही, ते इथे आठवा.

औषधी आळिंबी म्हणजे कोणती

डब्यांमध्ये सहसा तीन-चार नावं दिसतात. सर्वांत जास्त दिसते ती गॅनोडर्मा. चीनमध्ये तिला लिंगझी म्हणतात, जपानमध्ये रेशी. ती लाकडासारखी कडक आणि कडू असते, भाजी करून खाण्याजोगी नाही. शेकडो वर्षं तिकडे तिचा काढा घेतात. दुसरी कॉर्डिसेप्स, हिमालयात उत्तराखंडकडे मिळते ती कीडाजडी याच कुळातली. तिसरी टर्की टेल, लाकडावर रंगीत पंख्यांसारखी वाढते.

आपल्याकडेही अशी एक जुनी ओळखीची आळिंबी आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर फणसाच्या खोडावर कडक, तपकिरी आळंबं येतं. त्याला फणसआळंबं किंवा फणसांबा म्हणतात. जुन्या बाया ते सहाणेवर पाण्यात उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावत, तोंडातून फार लाळ गळत असली की, किंवा जुलाबात थोडं चाटवत. या आळंब्याच्या अर्कावरही अभ्यास झाले आहेत आणि त्यात अँटिऑक्सिडंट गुण दिसले आहेत. पण तेही नळीतलेच. म्हणून आज लहान मुलाला जुलाब झाले तर आधी ओआरएसचं पाणी द्या आणि दवाखाना गाठा. उगाळलेल्या आळंब्यावर वेळ घालवू नका.

मग गॅनोडर्मा माणसांना दिली तेव्हा काय दिसलं? जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासणारी कॉक्रेन नावाची एक संस्था आहे. तिने २०१५ साली गॅनोडर्माचे अभ्यास तपासले, मुख्यतः साखरेचा आजार असलेल्या माणसांवरचे. रक्तातली साखर, रक्तदाब किंवा चरबी यांवर उपचार म्हणून गॅनोडर्मा वापरावी, असा पुरावा मिळाला नाही. कॅन्सरबद्दलही याच संस्थेने तपासणी केली. कॅन्सरवरचा मुख्य उपचार म्हणून ती द्यावी इतका पुरावा नाही, असं तिथेही निघालं.

कुणी म्हणेल, "जपानमध्ये तर कॅन्सरवर आळिंबीचं औषध डॉक्टरच देतात." ते पूर्वी खरं होतं. टर्की टेलपासून आणि शिताकेपासून काढलेली औषधं जपानमध्ये डॉक्टरांनी वापरली आहेत. पण ती कारखान्यात शुद्ध केलेली, मोजून दिलेली औषधं. शिताकेचं तर इंजेक्शन होतं. ती मुख्य उपचाराबरोबर जोड म्हणून देत, उपचार थांबवून नाही. आणि ती रोगप्रतिकारशक्तीला हात देतात म्हणून दिली जात, ठिणग्या विझवतात म्हणून नाही. डबीतली पूड आणि ते औषध यांत, उसाचं कांडं आणि ग्लुकोजची बाटली यांत आहे तेवढा फरक आहे. गोडवा दोन्हींत आहे म्हणून आपण कांडं शिरेत लावत नाही.

एक सावधगिरीही सांगते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना गॅनोडर्माने रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबरही तिचं नीट जमेलच असं नाही. तिची पूड घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून घरात कुणी अशी डबी घेत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ऑपरेशन ठरलं असेल तर आधी सांगाच.

ताटात कशी घ्यायची

आता चांगली बाजू. आळिंबी अन्न म्हणून फार चांगली आहे. पण तिथेही खरं बोलू. ताज्या आळिंबीत शंभरातले जवळपास नव्वद भाग पाणीच असतं. शंभर ग्रॅम ताज्या धिंगरीत साधारण तीन ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्यात सहा. म्हणून आळिंबी आली तरी डाळ, शेंगदाणा, अंडं ताटातून काढायचं नाही. आळिंबी त्यांच्या सोबतीला.

ती शिजवूनच खा. अर्गोथायोनिन शिजवल्याने फारसं बिघडत नाही, पण पाण्यात उतरतं. म्हणून उकळून पाणी फेकू नका. कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा करा, म्हणजे पाण्यात उतरलेलं पोटातच जाईल. पूड केली असेल तर चमचाभर आमटीत, पिठल्यात, थालीपिठाच्या भाजणीत घाला.

वाळवताना एक छोटी युक्ती आहे. आळिंबीवर ऊन पडलं की तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. आपल्या कातडीत उन्हाने होतं तसंच. फोडी करा, छत्रीच्या खालच्या झालरी वर येतील अशा पसरा आणि भर दुपारचं ऊन द्या. वर पातळ, स्वच्छ जाळी टाका, म्हणजे माशी बसणार नाही. काचेच्या आड ठेवू नका, कारण लागणारं ऊन काच अडवते. कडक, कुडकुडीत वाळली की हवाबंद डब्यात भरा. दहा किलो ओलीची साधारण एक किलो सुकी होते. हाताला मऊ लागली तर पुन्हा ऊन द्या, नाहीतर तिच्यावरच दुसरी बुरशी येईल.

आणि पावसाळ्याचं एक. रानातली अनोळखी छत्री "औषधी असेल" म्हणून आणू नका. वारुळावरची आळिंबी ओळखणाऱ्या जाणत्या बाया गावोगाव आहेत, पण त्यांनाही शंका आली तर त्या हात लावत नाहीत. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण काळा होतो का, किड्याने खाल्ली आहे का, यातली एकही परीक्षा खरी नाही. काही विषारी छत्र्यांचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतात. मध्ये बरं वाटतं आणि मग यकृत जातं. रानातली आळिंबी खाऊन त्रास झाला तर बरं वाटायची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात जा, आणि उरलेली छत्री सोबत न्या.

लेबलवर काय लिहायचं

आता अध्यक्ष ताईंचा प्रश्न. "मधुमेह आणि कॅन्सरवर गुणकारी" टाकू का? ताई, टाकू नका.

एक तर तो गुन्हा आहे. औषधं आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. कॅन्सर, मधुमेह, रक्तदाब अशा ठरावीक आजारांवर उपाय म्हणून जाहिरात करायला त्यात बंदी आहे. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यात अन्नाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड गटाला भरावा लागेल. "अँटिऑक्सिडंटने भरपूर" हेसुद्धा तपासणीचा कागद हातात असल्याशिवाय लिहू नका.

पण दंडाहून मोठी गोष्ट वेगळी आहे. तुमचं पाकीट जाईल शेजारच्या गावात. ते घेईल तुमच्यासारखीच एक बाई. तिच्या घरी सासू असेल, साखरेच्या गोळ्या खाऊन कंटाळलेली. तिने तुमच्या अक्षरांवर विश्वास ठेवून गोळ्या सोडल्या तर?

मग लिहायचं काय? "धिंगरी आळिंबी पूड. उन्हात वाळवलेली. दुसरं काही मिसळलेलं नाही." गटाचं नाव, गाव, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायची ती तारीख आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक. मागच्या बाजूला आमटीची एक पाककृती छापा. पाककृती असली की बाई पाकीट चुलीपाशी ठेवते, औषधाच्या फळीवर नाही. आणि चव आवडली की तीच पुन्हा मागते. पिकवण्याबद्दल आणि वाळवण्याबद्दल काही अडलं तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

त्या सुनेचा नंतर फोन आला. सासूबाईंची उपाशीपोटीची साखर अडीचशेच्या वर गेली होती. गोळ्या परत चालू झाल्या, महिन्याने साखर बरीच खाली आली. सासूबाई रागावल्या होत्या, पैसे गेले म्हणून. मग सुनेने त्यांना धिंगरीचा रस्सा करून घातला. म्हणाली, "आत्या, हे औषध नाही, कालवण आहे. दोन भाकऱ्या जास्त खाऊ नका म्हणजे झालं." दोघी हसल्या म्हणे.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गावात विकायला आलेली एखादी डबी मध्ये ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. यात नेमकं काय आहे, ते लिहिलं आहे का? हे माणसांना देऊन तपासलं, की फक्त नळीत? आणि हे घेताना चालू गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं, तर ती डबी परत करा आणि शेजारणीलाही सांगा.

आळिंबी पिकवा, खा, विका. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. नमस्कार.